मोमेंटोच्या मुलखात घरची भेट

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या बऱ्यापैकी चालत्या घराच्या बैठकीत काचेचे एक शोकेस हमखास असते. टीव्हीच्या दोन्ही अंगांना त्यात मोमेंटो उभे असतात: ॲक्रिलिकचे, फायबरचे, सोनेरी मुलामा दिलेले, लाकडी ठोकळ्यावर पितळी पट्टी ठोकलेले. साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या, शिक्षण संस्था आणि तरुण मंडळे यांची या पट्ट्यात एवढी दाटी आहे की, कुणाचा तरी सत्कार कुठे तरी चालूच असतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. श्रीफळ दुसऱ्या दिवशी वाटणात जाते. शाल घडी करून ठेवली जाते आणि पुढच्या सत्काराला बाहेर निघते. स्मृतिचिन्हाची मात्र कुठेच सोय लागत नाही. ते फेकवत नाही, कारण त्यावर नाव आहे. ते कुणाला देताही येत नाही, कारण तेच. शिवाय घेणाऱ्याच्या नावापेक्षा देणाऱ्याचा फोटो मोठा असतो, त्यामुळे नेमकी कुणाची आठवण जपायची, हाही प्रश्नच.

गिफ्टच्या दुकानांत फारसे वेगळे चित्र नाही. मगावर फोटो, उशीवर फोटो, कीचेनवर नाव, बटण दाबले की उजळणारी फ्रेम. या सगळ्याला 'कस्टमाइज्ड' म्हणतात. वरचा फोटो बाजूला केला तर तोच मग, तीच उशी राज्यभर विकली जाते. मगावर उष्णतेने उमटवलेला चेहरा धुऊन धुऊन फिका पडतो आणि दोनेक वर्षांत वाढदिवसाचा मुलगा कपाळापासून विरळ होऊ लागतो. देणाऱ्याने यात काय घातले? पैसे आणि मोबाइलमधला एक फोटो.

याच दोन तालुक्यांत, एक रुपयाही खर्च न करता, ज्याच्या त्याच्या नावाची आणि नात्याची वस्तू घरी करता येईल एवढे सामान पडून आहे. ती करायची रीतही आहे; आजी, आत्या, मामी यांच्या हातात ती अजून शिल्लक आहे. ती वापरात यावी, हे म्हणणे सोपे आहे. पण फुकटच्या वस्तूतही कुणाचे तरी हात राबलेले असतात. हे हात कुणाचे, हे ठरवल्याशिवाय घरगुती भेटीचे गोडवे गाणे बरे नव्हे.

आधी सामानाकडे पाहू. लग्नसराई संपली की प्रत्येक घरातल्या कपाटाचा एक कप्पा ब्लाऊज पीस, टॉवेल, टोप्या आणि उपरण्यांनी भरतो. मानपानाचे हे कापड शिवले जात नाही, वापरले जात नाही, फक्त फिरते. इंदापुरातून निघालेला एखादा पीस फलटण, अकलूज, बारामती करून वर्ष-दीड वर्षात मूळ घरी परतत असेल, तर कुणाला आश्चर्य वाटू नये. या कापडातून बटवे होतात, तोरणे होतात, पोथीची बासने, उशांचे अभ्रे, आरतीच्या ताटावरचे रुमाल होतात. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे, मुलीच्या लग्नात आलेल्या पिसांचे वीतभर चौकोन कापून एकत्र जोडता येतात आणि प्रत्येक चौकोनावर ज्या घरातून तो आला त्याचे नाव किंवा गाव धाग्याने टाचता येते. निमगाव केतकीची मावशी, सणसरचे मामा, भिगवणची आत्या. लग्नाच्या अल्बममध्ये जे सगळे पाहुणे एकसारखे हसत उभे असतात, ते इथे आपापल्या रंगाने वेगळे ओळखू येतात. अमेरिकेत 1840च्या दशकात बाल्टिमोर आणि आसपासच्या बायकांनी अगदी हेच केले होते. मैत्रिणीसाठी प्रत्येकीने एकेक चौकोन शिवायचा, त्यावर सही करायची आणि सगळे जोडून रजई द्यायची. त्या रजया आता तिथल्या संग्रहालयांत आहेत.

मराठी शाळांत या सगळ्याला 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणतात. कल्पना चांगलीच होती. ऑक्टोबर 1937मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला, त्याच्या मध्यभागी हातांचा उद्योग होता. पुढे डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. महाराष्ट्रातल्या शाळांत कार्यानुभव हा विषय आला, त्यामागे तोच धागा आहे. आज मात्र 'टाकाऊतून टिकाऊ'ची वही सांगते काय? संध्याकाळी पालक स्टेशनरीच्या दुकानात जातात आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे नवेकोरे पाकीट घेतात. या काड्यांनी आइस्क्रीमचे तोंडही पाहिलेले नसते. सोबत चमकी, ग्लू गन, रंगीत फोम शीट. रात्री अकराला आई घर चिकटवते, मूल झोपलेले असते आणि सकाळी वर्गात त्याला शेरा मिळतो. थर्मोकोल तर महाराष्ट्रात मार्च 2018च्या अधिसूचनेने आणि देशभर 1 जुलै 2022पासून सजावटीसाठी बंद आहे. तरी मखरांत आणि प्रकल्पांत ते डोके वर काढतेच. टाकाऊ वस्तू विकत आणून, तिची टिकाऊ वस्तू केल्याचे दाखवून, आठवड्याने ती टाकून द्यायची, असा हा उलटा प्रवास आहे. फुकट वस्तू करायची पहिली अट हीच असावी की, तिच्यासाठी दुकानाची पायरी चढायची नाही.

ही अट गोधडी जशी पाळते तशी दुसरी कुठलीही वस्तू पाळत नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. जुने लुगडे लांबीत चार पदरी केले की दोन मीटर लांब आणि मीटरभराहून थोडे जास्त रुंद, एका माणसाला पुरेल असे अंथरूण जमिनीवर तयार होते. वर धोतराचा किंवा दुसऱ्या लुगड्याचा पदर येतो, मध्ये फाटक्या कापडाचे तुकडे बसतात. कडांवर दगड किंवा पाटा-वरवंटा ठेवायचा, कापड हलू द्यायचे नाही आणि बाहेरच्या कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. पदरांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब राहते. शेकडो वेळा धुतलेले सुती कापड मऊ पडलेले असते म्हणून ते अंगाला बोचत नाही. बाळंतिणीच्या खोलीत नवे कापड न वापरता आजीच्या लुगड्याचे दुपटे करायचे, यामागे काटकसर जेवढी होती तेवढीच ही समजही होती.

एक अडचण मात्र खरी आहे. सुती नऊवारी नेसणारी पिढी सरत चालली आणि घराघरांत सिंथेटिक साड्यांचे ढीग झाले. ती साडी सुईखाली घसरते, घाम शोषत नाही आणि उन्हाळ्यात तिची गोधडी नकोशी होते. यावर जाणत्या बायकांचा तोडगा साधा आहे: सिंथेटिक आत, सुती बाहेर. बाळासाठी मात्र सगळे पदर सुतीच. सुती साडी नसेल तर जुनी चादर, आजोबांचे धोतर, पायजमा, शाळेचा सुती गणवेश चालतो. तिसरीतल्या पोराचा गणवेश, पाचवीतला गणवेश, दहावीतला गणवेश असे एकाच गोधडीत आले, की ते पोर पुढे पुण्याला वसतिगृहात जाताना तिच्यावर नाव घालायची गरज उरत नाही.

घरातल्या अशा साध्या वस्तू जपण्यालायक असतात, हे पुण्यात एका माणसाने आयुष्यभर पटवून दिले. डॉ. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, पेट्या, खेळणी असे गावोगाव फिरून जमवले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभे राहिलेले त्यांचे संग्रहालय शुक्रवार पेठेत आहे आणि त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या बहुतेक वस्तू घडवणाऱ्यांची नावे कुणालाच ठाऊक नाहीत. राजवाड्यातल्या ऐवजापेक्षा स्वयंपाकघरातला अडकित्ता तिथे लोकांना जास्त वेळ थांबवतो.

कापड, लाकूड, धागा यांतले काहीच हाताशी नसले तर? बारामतीकरांनी हा प्रश्न विचारू नये. मोरोपंतांचे (1729–1794) बहुतेक आयुष्य याच गावात, नाईकांच्या आश्रयाने गेले. त्यांनी एकशे आठ रामायणे रचल्याचे मानले जाते आणि त्यांतली कितीतरी म्हणजे शब्दांची निव्वळ कारागिरी आहे. ओठाला ओठ लागणारी अक्षरे टाळून त्यांनी निरोष्ठ रामायण लिहिले. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचे नावही घ्यायची सोय उरली नाही! मंत्ररामायणात रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे गुंफली. पंडिती काव्याला कृत्रिम म्हणून नाक मुरडायची पद्धत आहे आणि ती पूर्ण चुकीचीही नाही. पण भेट म्हणून पाहिले तर एखाद्याच्या नावाची अक्षरे ओळीओळीत पेरून चार कडवी रचणे, याच्याइतकी त्या माणसाचीच आणि पूर्ण फुकट वस्तू दुसरी कोणती? लग्नात मंगलाष्टके रचताना दोन्ही घरांची, आजोळांची, आत्या-मामांची नावे त्यात ओवायची आणि ती छापून वाटायची, ही चाल कित्येक मराठी घरांनी पाळली. उखाणा तर रोजचाच. आता मंगलाष्टके मोबाइलवरून उतरवतात आणि उखाणेही तिथलेच. वधू-वरांची नावे तेवढी बदलायची.

कागदाचीही चिंता नको. लग्नपत्रिका जाड असते आणि तिची एक बाजू बहुधा कोरी असते. तिच्यावर आजीकडून, तिच्याच अक्षरात, काळ्या मसाल्याचे प्रमाण लिहून घ्यावे. अक्षर न येणारी आजी असेल तर नातीने लिहावे आणि खाली आजीचा अंगठा घ्यावा. अशा दहा-पंधरा पत्रिकांना दाभणाने तीन भोके पाडून दोऱ्याने शिवले, की घराचे पाकपुस्तक तयार. निवृत्त होणाऱ्या गुरुजींना संस्थेने ॲक्रिलिकची ढाल देण्याऐवजी मुलांनी हस्तलिखित द्यावे: प्रत्येकाचे एक पान, एक आठवण, जमेल तसे चित्र. शाळांत हस्तलिखिताची परंपरा होतीच. ती स्नेहसंमेलनाच्या आवाजात दबली.

सन्मान करण्यासाठी वस्तू विकत आणावी लागत नाही, हेही या भागाला नवीन शिकवण्याची गरज नाही. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीत येते तेव्हा तिथला परीट समाज धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण घालत पळवतात. ज्याच्या हाताशी जे आहे, ज्याचा जो धंदा आहे, त्यातूनच मान द्यायचा. वारीतली काटेवाडी लोकांच्या लक्षात राहते ती याच दोन गोष्टींमुळे.

संक्रांतीचा हलवाही याच घराण्यातला. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, खाली मंद आच, वरून चमचा-चमचा पाक आणि बोटांच्या टोकांनी सतत फिरवत राहायचे. थंडी चांगली असेल तर काटा येतो, नाहीतर नुसत्या गुळगुळीत गोळ्या. नव्या सुनेचा पहिला सण किंवा बाळाचे बोरन्हाण आले की या हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट, बासरी काळ्या कपड्यावर चढते. कारखान्याच्या सभासदाला सवलतीत मिळणारी साखर ज्या घरात डब्यात भरलेली असते, तिथे हा दागिना जवळपास फुकटच पडतो. तरी तो विकत आणला जातो आणि त्याचे कारण सरळ आहे: हलवा करायला दोन-तीन दिवस लागतात.

हे दोन-तीन दिवस कुणाचे, यावर आता बोलायला हवे. घरातल्या कलाकुसरीचा इतिहास बायकांच्या वेळेवर उभा आहे आणि तो वेळ कुणी कधी मोजला नाही. रुखवताचे उदाहरण घ्या. क्रोशाचे रुमाल, मण्यांची बैलगाडी, काड्यांचे घर, नारळाच्या करवंटीची कासवे हे सगळे मांडून मुलीच्या हातचे कसब मांडवात दाखवायचे आणि वरपक्षाच्या बायकांनी ते फिरून पाहायचे. त्यात हौस होती, मैत्रिणींच्या गप्पा होत्या, आणि परीक्षाही होती. मुलाने मात्र काहीच करून मांडायचे नाही. आता रुखवताचे तयार संच विकत मिळतात, भाड्यानेही मिळतात. जुन्या लोकांना याची हळहळ वाटते. ती सगळीच पटण्यासारखी नाही. परीक्षेच्या धाकाने केलेले रुमाल गेले ते बरेच झाले. परत आणायचेच असेल तर ते दोन्ही घरांनी, मुला-मुलीने मिळून आणावे. नवरा मुलगा दोन महिन्यांत क्रोशा शिकणार नाही, पण लग्नाच्या ब्लाऊज पिसांचे चौकोन कापून धावदोरा घालायला कुणाचीच बोटे अपुरी पडत नाहीत.

पुरुषांना हातकाम जमत नाही, हे तर या भागात बोलूच नये. केकताडाची, घायपाताची पाने पाण्यात कुजवून, ठेचून, धुऊन वाख काढायचा आणि त्यातून कासरा, चऱ्हाट, गोफण वळायची, हे काम शेतकरी पुरुष रात्री ओसरीवर बसून करत. बाज विणत. बैलांचे गोंडे, म्होरक्या घरीच होत. मेंढ्यांमागे चालता चालता धनगर टकळीवर लोकर कातत आणि सणगर तिची घोंगडी विणत. नायलॉनची दोरी आली, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीला भाव उरला नाही आणि पुरुषांची बोटे मोबाइलवर गेली. हात अजून आहेतच.

या बाबतीत सगळ्यात मोठे नाव घ्यायचे तर गांधीजींचे घ्यावे लागेल. दक्षिण आफ्रिकेत त्यांना तुरुंगात टाकणाऱ्या जनरल स्मट्स यांच्यासाठी त्यांनी तुरुंगातच चपलांचा जोड केला आणि 1914मध्ये तो देश सोडताना तो त्यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो आपल्या शेतावर कित्येक उन्हाळे वापरला आणि 1939मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, मित्रभावाने परत पाठवला. सरकारी पातळीवर दोघांनी एकमेकांना पाठवलेली पत्रे अभ्यासक वाचतात. चपलांची गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

आता एक आक्षेप. सगळेच घरी फुकट होऊ लागले तर कारागिराने काय खायचे? आक्षेप बिनबुडाचा नाही, पण त्याचा रोख चुकतो. घोंगडी विणायला माग लागतो, माठ घडवायला चाक लागते. ती कामे कुणी हौस म्हणून घरी करणार नाही आणि करूही नयेत, ती विकतच घ्यावीत. गोधडी, बटवा, हस्तलिखित यांनी मागे पडलाच तर ॲक्रिलिकचा ठोकळा पडेल. त्याच्यासाठी अश्रू ढाळायची गरज नाही. संस्थांच्या सत्काराच्या खर्चातला काही भाग सणगराकडे किंवा बचत गटाकडे वळला, तर उलट कारागिराचे भलेच होईल.

किमतीची जाणीव तर याच मातीतून शहरात गेली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टतर्फे पुण्यात भीमथडी जत्रा भरते. तिथे गावोगावच्या बचत गटांच्या बायका खाद्यपदार्थांबरोबर हातच्या वस्तूही विकतात. गावात जी गोधडी दारातल्या बाजेवर टाकलेली असते, तिच्यापुढे पुण्याची गिऱ्हाइके थांबतात, उलटसुलट करून टाके पाहतात, पैसे मोजतात. तीच बाई गावी परतली की शेजारीण म्हणते, "काकू, तुमचा हात बसलाय, आमच्या नातवालाही एक करून द्या की. कापड देते मी."

कापड दिले म्हणजे झाले, असे समजणारी ही शेजारीण वाईट नाही. तिला तसेच शिकवले गेले आहे. आपल्या नातवासाठी, आपल्या गुरुजींसाठी केलेली वस्तू फुकट असावी, कारण तिथे वेळ हीच भेट आहे. दुसऱ्याच्या नातवासाठी केलेली गोधडी हे काम आहे. किती दिवस लागतील आणि दिवसाचे किती घेणार, हे काकूंनी कापड हातात घेण्याआधीच सांगावे. शेजारणीला ते जास्त वाटले, तर तिने संध्याकाळी सुई-दोरा घेऊन काकूंच्या ओसरीवर यावे. शिकवायचे पैसे काकू घेणार नाहीत.